सनद आणि कसब

दक्षिणेस सेलबारीची डोंगररांग, वरच्या अंगास लाटीपाड्याचे धरण आणि गावाला वळसा घालून पुढे धुळ्याकडे निघालेली पांझरा, अशा आमच्या पिंपळनेरात यंदाच्या आषाढातल्या एका सायंकाळी, पाऊस नुकताच उघडला होता आणि ओट्याच्या फरश्या अद्याप वाळावयाच्या होत्या अशा वेळी, माझ्या शेजारघरी दोन जाणत्या माणसांत एक वाद झाला. आणि तो त्या एका घरापुरता नसून, ज्या ज्या घरी यंदा बारावीचा निकाल लागला आहे त्या त्या घरी या ना त्या रूपाने चालूच असणार, असे वाटल्यावरून त्याची हकीकत, जशी ऐकली तशी, येथे लिहून काढीत आहे.

घरातली मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झाली. संगणकाच्याच क्षेत्रात जावयाचे हा तिचा निश्चय पक्का होता आणि त्याविषयी घरात दुमत नव्हते. दुमत होते ते त्या क्षेत्रात कोणत्या दाराने शिरावे याविषयी. तिच्या पुढ्यात दोन कागद होते. एक, सायबर कॅफेतून छापून आणलेली, अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडच्या विकल्पांची यादी. तीत धुळे, शिरपूर, जळगाव, नाशिक अशी नावे पेनाने लिहिलेली, खोडलेली आणि पुन्हा लिहिलेली. दुसरा, पुण्यातल्या एका क्लासचे गुळगुळीत रंगीत पत्रक. त्यावर सहा महिन्यांत 'क्लाउड' शिकवून प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी देण्याचे आश्वासन ठळक टाइपात होते, आणि शुल्काचा आकडा, 90 हजार, सर्वांत खाली, बारीक अक्षरात.

पहिल्या कागदाच्या बाजूने बोलणारे मुलीचे आजोबा. सारे गाव त्यांना आप्पा म्हणते. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन ते पाटबंधारे खात्यात लागले आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्या बाजूस मुलीचे मामा, जिभाऊ. ते पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतात आणि भाचीच्या प्रवेशासाठीच दोन दिवसांची रजा काढून आले होते. नात्याने ते या घरचे पाहुणे. त्यामुळे स्वर चढला तरी दोघांच्या तोंडचे 'तुम्ही' काही सुटले नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवलेला तिसरा माणूस, चहापुरता बसलो होतो आणि दिवेलागण होऊन गेली तरी उठलो नाही.

"आप्पा, चार वर्षे म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे," जिभाऊंनी सुरुवात केली. "पहिले वर्ष भौतिक, रसायन आणि आलेखनाचे तक्ते काढण्यात जाते, दुसऱ्या वर्षी संगणकाची तोंडओळख होते, तिसऱ्या वर्षी पुस्तक शिकवतात ते आम्ही कंपनीत केव्हाच टाकून दिलेल्या गोष्टींचे, आणि चौथ्या वर्षी, रागावू नका, कित्येक मुले प्रकल्प चक्क विकत आणतात. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांचे गुणपत्रक मी पाहतो, आणि मग त्यांच्यापुढे यंत्र ठेवतो. गुणपत्रक बोलते, मुलगा बोलत नाही."

"आणि तुमच्या प्रमाणपत्राचे?"

"माझे प्रमाणपत्र रेड हॅटचे. त्या परीक्षेत पर्याय निवडण्याचा एकही प्रश्न नसतो. एक यंत्र देतात, कामांची यादी देतात आणि घड्याळ चालू होते. यंत्र सुरू होत असता मध्येच अडवून त्यात शिरावे लागते, डिस्कचे भाग पाडावे लागतात, कोणाला काय वाचता यावे आणि काय लिहिता यावे याचा बंदोबस्त करावा लागतो; आणि खरी मेख अशी, की यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर ते सारे जागच्या जागी टिकले, तरच गुण. 300 पैकी 210 मिळाले तर उत्तीर्ण. यंत्र उठताना कोणती डिस्क कोठे जोडावयाची हे ज्या फायलीत लिहितात, तिच्यातल्या एका ओळीत माझे एक अक्षर चुकले आणि यंत्र उठेचना. काळा पडदा, त्यावर दोन पांढऱ्या ओळी, आणि माझी बोटे कळफलकावर घामाने निसटत होती. अकरा मिनिटे त्या एका अक्षरात गेली. ते सापडले तेव्हा मला जे कळले ते कोणत्याही वर्गात कळले नसते. आप्पा, तेथे वशिला नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही. येते किंवा येत नाही."

हे बोलताना जिभाऊंचा उजवा हात मांडीवर नकळत टाइप करीत होता. आपल्या विद्येवर असे प्रेम असलेला माणूस मला नेहमीच आदरणीय वाटतो, मग त्याचे म्हणणे पटो वा न पटो.

आप्पा काही वेळ नदीच्या दिशेने पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमचे कसब मी नाकारीत नाही, जिभाऊ. मी विचारतो ते एवढेच, की कसब अंगी आहे हे परक्याला कळावे कसे? माझे वडील पांझरेवरच्या एका बंधाऱ्याचे पाटकरी होते. तुम्हांला फडाची रीत ठाऊक आहे, पण या पोरीला नाही, म्हणून सांगतो. नदीत बंधारा घालून पाणी पाटात घ्यावयाचे. सगळे भिजणारे शिवार तीन-चार फडांत वाटावयाचे. एका फडात एकच पीक. कोणत्या वर्षी कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात गहू हे गावाने मिळून ठरवावयाचे. आणि त्या ठरावाबरहुकूम पाटकऱ्याने रात्री-अपरात्री कंदील घेऊन पाणी फिरवावयाचे. सरकारने बांधलेली व्यवस्था नव्हे ही. शेकडो वर्षे पांझरेच्या, कानच्या, मोसमच्या काठच्या गावांनी आपली आपण चालवलेली. कोणाच्या वाफ्याला किती वेळ पाणी पुरते, ते वडिलांना तळपायाला लागणाऱ्या चिखलावरून कळे. मी खात्यात लागल्यावर एकदा त्यांच्याच पाटाची मोजणी माझ्याकडे आली. मी लेव्हल लावून वहीत उताराचे गणित मांडीत होतो. वडील बाजूला उभे होते. माझे उत्तर निघायच्या आधी त्यांनी काठीने जागा दाखवली, 'येथे पाणी तुंबते.' माझे उत्तर तेच आले. पण पगार मला झाला. निवृत्तिवेतन मला आहे. त्यांना शेवटपर्यंत खळ्यावरचे धान्य, आणि तेही फड मोडू लागल्यावर कमी कमी होत गेले."

"हे तर सारे माझ्याच बाजूचे झाले," जिभाऊ म्हणाले. "विद्या त्यांच्याकडे, आणि मोबदला तुमच्या कागदाला. हा अन्यायच नव्हे का?"

"अन्याय खराच. पण तो कोणावर झाला ते पाहा. पिंपळनेरच्या शिवारात वडिलांना मान होता, कारण येथे त्यांना ओळखणारे होते. साक्रीच्या पलीकडे त्यांना कोण पुसणार होते? दातर्तीला पांझरेवर विश्वेश्वरय्यांनी बांधलेला सायफन आहे. 1884 साली तेविशीतला एक तरुण मैसूरच्या मुलखातून आपल्या या खानदेशात आला. त्याला येथले कोणी सोयरे नाही, ओळखीचे नाही, नदी पाहिलेली नाही. तरी सरकारने नदीच्या पात्रातून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्याच्या हाती दिले. कशाच्या आधारावर? 1883 साली पुण्याच्या कॉलेजातून तो एल. सी. ई. झाला होता आणि पहिला आला होता, या आधारावर. त्या कागदाने त्याच्यासाठी शब्द दिला. माझ्या वडिलांसाठी शब्द देणारे गाव होते, पण गाव काही माणसाबरोबर प्रवास करीत नाही."

यावर जिभाऊ हसले, आणि त्यांनी जे उत्तर दिले त्याने मी स्वतः थोडा चकित झालो. "आप्पा, त्याच कॉलेजावरून मी पुण्यात रोज जातो, म्हणून त्याची माहिती मी मुद्दाम वाचली. 1854 साली तेथे जो अभियांत्रिकीचा वर्ग उघडला, तो विद्वान घडवण्यासाठी नव्हे. बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते, ते तयार करण्यासाठी. म्हणजे आज ज्याला तुम्ही महाविद्यालय म्हणता तो आरंभी एक क्लासच होता! आणि एल. सी. ई. म्हणजे तरी काय? लायसेन्शिएट, अर्थात परवानाधारक. विश्वेश्वरय्यांकडे होते ते प्रमाणपत्रच. आणखी सांगतो. दातर्तीला ऐन पावसाळ्यात नदीला लोंढे येऊ लागले तेव्हा काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले, वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि मग त्यांनी ते काम तशाच पाण्यात पुरे करून दाखवले. पांझरेचा पूर कसा येतो हे पुण्याच्या पुस्तकात नव्हते. ते त्यांना नदीने शिकवले."

या ठिकाणी क्षणभर वादातून बाजूला होऊन मला वाचकांस काही सांगावयाचे आहे, कारण जिभाऊंच्या या बोलण्यात एक गोष्ट अशी होती की जिच्याकडे या विषयावर बोलणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. पदवी आणि परवाना या दोन गोष्टी मुळात वेगळ्या आहेत. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला तेवढ्याने न्यायालयात उभे राहता येत नाही. त्याला वकिलीची सनद घ्यावी लागते, आणि आपल्याकडे तिला आजही सनदच म्हणतात. वैद्यकातही नोंदणीशिवाय रोग्याला हात लावता येत नाही. संगणकाच्या धंद्याला मात्र अशी सनद कोणत्याही कायद्याने सांगितलेली नाही. सर्व्हर सांभाळण्यासाठी, आज्ञावली लिहिण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि जेथे राज्य सनद देत नाही तेथे ती देणारे दुसरे कोणी तरी उभे राहतेच. तसे येथे दोन जण उभे राहिले. एक विद्यापीठ, ज्याची पदवी या धंद्यासाठी घडलेली नसतानाही धंद्याने चाळणी म्हणून वापरावयास घेतली; आणि दुसऱ्या सिस्को, रेड हॅट, अ‍ॅमेझॉन यांसारख्या कंपन्या, ज्या आपापल्या सामग्रीपुरती सनद देतात. म्हणूनच त्या सनदांना मुदत असते. या तिन्ही कंपन्यांची बहुतेक प्रमाणपत्रे तीन वर्षांनी नवी करावी लागतात. पदवीला मुदत नाही, परंतु तिच्यातली विद्या मात्र शिळी होते, हेही तितकेच खरे.

आप्पांच्या मनात बहुधा हाच विचार चालला असावा, कारण ते म्हणाले, "दुकानदाराने आपल्याच मालाविषयी दिलेला दाखला, आणि तोही तीन वर्षांचा! उद्या त्या मालाची सद्दी संपली तर?"

"तर दुसरा शिकावयाचा. तेच तर काम आहे."

"तुम्हांला जमते, कारण तुम्ही आत आहात. जी अजून उंबऱ्याबाहेर उभी आहे तिने काय करावे? एमएससीआयटीचा दाखला आपल्या तालुक्यात घरोघरी आहे. सरकारी नोकरीसाठी लागतो म्हणून घेतला, भिंतीवर लावला. संगणकावर पोट भरणारे त्यांतले किती?"

"अभियंत्यांचेही तेच नव्हे काय? 1983 साली वसंतदादांच्या सरकारने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली, तेव्हापासून पदव्यांचे पीक इतके आले की त्याचा भाव उतरला. म्हणून तर झोहोसारखी कंपनी 2005 पासून स्वतःची शाळा चालवते आणि बारावी झालेल्या मुलांना घेऊन घडवते. ती पदवी विचारीत नाही."

"ती एक कंपनी झाली. आणि ती तामिळनाडूत. नाशिकची, पुण्याची कंपनी काय विचारते?"

यावर जिभाऊ जरा घुटमळले. ते प्रामाणिक आहेत. त्यांनी लपवले नाही. "बऱ्याच मोठ्या कंपन्या नवशिक्यांना दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत 60 टक्के विचारतात. हे खरे आहे."

इतका वेळ मुलगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिने मध्येच विचारले, आणि माझ्या मते त्या संध्याकाळी विचारला गेलेला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता. "मामा, तुमच्या त्या परीक्षेची फी कोणी भरली?"

"कंपनीने."

"म्हणजे परीक्षेच्या आधीच तुम्ही कंपनीत होतात. मग कंपनीत कसे लागलात?"

जिभाऊंनी कपातला उरलेला चहा संपवला. त्यांच्या वडिलांच्या आजारपणात बी. एस्सी.चे दुसरे वर्ष अर्धवट सुटले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पुढचे मात्र कोणी कधी विचारले नव्हते. "साक्रीचा माझा एक वर्गमित्र तेथे आधीपासून होता," ते म्हणाले. "त्याने साहेबांकडे शब्द टाकला. 'पोरगा कामाचा आहे, मी जबाबदार,' म्हणाला. पहिले सहा महिने मी रात्रपाळीला नुसत्या तक्रारींच्या नोंदी घेत होतो. मग हळूहळू यंत्राला हात लावू दिला. परीक्षा तिसऱ्या वर्षी."

"म्हणजे तुमचाही जामीन होताच," आप्पा अगदी हळू म्हणाले. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता.

"होता." आणि थोडे थांबून, कोणी विचारले नसताना, जिभाऊंनी आणखी एक गोष्ट सांगितली. "पाच वर्षांपूर्वी अमेरिकेच्या कामावर माणसे पाठवावयाची होती. यादीत माझे नाव पहिले होते. तेथल्या एच-वन-बी परवान्याला पदवी लागते, नाही तर तिच्या तोलाचे काही दाखवावे लागते. तीन वर्षांचा अनुभव म्हणजे एक वर्षाचे शिक्षण, असा हिशेबही मांडता येतो. पण तो मांडावयाचा म्हणजे कागदपत्रांची यातायात, आणि कंपनीला घाई. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा गेला. तो चांगला मुलगा आहे, त्याच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण ज्या रकान्यात मी 'अपूर्ण' असे लिहिले होते, तो रकाना मला अजून दिसतो."

ओट्यावर कोणीच काही बोलेना. आतून मुलीची आजी आली. ती शिकलेली नाही आणि बोलते ती अहिराणीतच. ताटातले तांदूळ निवडीत ती म्हणाली, "तुम्हना वादमा पोरनं काय व्हई?" आणि पुन्हा आत गेली.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम दोघांनीही माझ्यावर टाकले. 'गुरुजी, आता तुम्ही सांगा,' म्हणून. मी जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते मी पूर्ण विचारांती सांगितले आणि आजही माझे मत तेच आहे.

आपण पदवीकडे विद्येची खूण म्हणून पाहतो आणि मग तिच्यात विद्या नाही म्हणून रागावतो. हा राग बहुतांशी योग्य आहे. परंतु पिंपळनेरसारख्या ठिकाणच्या, घरातून पहिल्यांदाच या धंद्यात जाणाऱ्या मुलीसाठी पदवीचे मुख्य कार्य विद्येचे नाहीच. ते जामिनाचे आहे. पुण्यात ज्याचे काका, मामा, शेजारी त्या धंद्यात आहेत, त्याला जामीन घरातच मिळतो. त्याने सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घेतले तरी कोणी तरी त्याचा अर्ज योग्य टेबलावर नेऊन ठेवते, आणि मग 'पदवीची गरजच काय' असे तो खुशाल म्हणू शकतो. ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, त्याला मात्र अनोळखी माणसापुढे ठेवता येईल असा एकच कागद आजमितीस या देशात उपलब्ध आहे. ही व्यवस्था न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. पाटकऱ्याच्या बाबतीतही ती न्याय्य नव्हती. परंतु एखाद्या अन्यायाविरुद्धचा पहिला प्रयोग गरिबाघरच्या मुलीच्या चार वर्षांवर करू नये, एवढे मात्र मी ठामपणे म्हणतो. या मुलीला पुण्यात मामा आहेत हे खरे. परंतु मामांनी स्वतःच सांगितले, की त्यांचा शब्द आता दारापर्यंत पोहोचवू शकतो, त्या रकान्यापलीकडे नाही.

दुसरे असे, की मुलीच्या बाबतीत पैशाचा हिशेब आता पार बदललेला आहे आणि तो खेड्यापाड्यांत अजून पुरता पोहोचलेला नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे; अट एवढी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नव्हे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती व शुल्काच्या योजना आधीपासून आहेत. म्हणजे ज्या क्लासला 90 हजार द्यावयाचे, त्याच्या तुलनेत धुळ्याच्या अभियांत्रिकीचे शिक्षण शुल्क या घरास शून्य पडते. महाविद्यालयाची इतर शुल्के आणि राहण्या-जेवण्याचा खर्च तेवढा उरतो. जिभाऊंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी ते पत्रक उचलले, पुन्हा एकदा नीट वाचले आणि 'नोकरीची हमी' या शब्दांवर बोट ठेवून विचारले, "ही हमी लेखी देतात का, ते कोणी विचारले?" कोणीच विचारले नव्हते. मुलीने तेथल्या तेथे फोन लावला. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितले, की हमी म्हणजे मुलाखती मिळवून देण्याची हमी; नोकरी 'विद्यार्थ्याच्या कामगिरीवर'.

तिसरी गोष्ट, आणि येथे मी पूर्णपणे जिभाऊंच्या बाजूचा आहे. नुसत्या पदवीने दार किलकिले होते, आत बसता येत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जर एका यंत्रापुढे चार मुली बसत असतील आणि पाच वाजता कुलूप लागत असेल, तर त्या मुली चार वर्षांनी जिभाऊंपुढे मुलाखतीस बसतील तेव्हा गुणपत्रक बोलेल आणि त्या बोलणार नाहीत. म्हणून विकल्प भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन पाहावयाचे ते इमारत आणि बाग नव्हे, प्रयोगशाळेच्या दारावरची वेळ. आणि तिसऱ्या वर्षाच्या सुटीत, हातात यंत्र घेऊन द्यावी लागते अशी एक परीक्षा, मग ती रेड हॅटची असो वा दुसऱ्या कोणाची, तयारीनिशी द्यावयाची. त्याआधी नव्हे, कारण मुदत तीन वर्षांची असते आणि ती पदवीच्या आधीच संपून उपयोग नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात. परीक्षा द्यावयाची असेल तेव्हाच शुल्क पडते.

ज्यांना घर सोडणे शक्यच नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. आयआयटी मद्रासने 2020 साली सुरू केलेला डेटा सायन्सचा अभ्यासक्रम घरी बसून शिकता येतो, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्याचा मला विशेष वाटणारा गुण असा, की तो पायऱ्यांनी बांधलेला आहे आणि मध्ये सोडावा लागला तरी गाठलेल्या पायरीचा कागद हाती राहतो. जिभाऊंच्या आयुष्यात दुसऱ्या वर्षी जे घडले ते आज घडले असते तर रकान्यात 'अपूर्ण' लिहावे लागले नसते. हे मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ फोनवर काही तरी वाचत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, याला वयाची अट नाही?" मी म्हटले, "नाही." त्यांनी ते पान जतन करून ठेवले.

आप्पांनी शेवटी एकच हट्ट धरला. प्रवेश कोठेही होवो, त्याआधी नातीला दातर्तीला नेऊन तो सायफन दाखवावयाचा, आणि परत येताना बंधाऱ्यावरची ती जागाही, जेथे वडिलांनी काठी टेकवली होती. जिभाऊंनी रजा एक दिवस वाढवली आणि आदितवारी तिघे मोटारसायकल व एसटी अशी कसरत करीत जाऊन आले. मुलीने मला सांगितले, की सायफनपेक्षा तिला पाटच अधिक आवडला. कारण नळ कोठे चुकला तर खोदून काढावा लागतो, पाटात मात्र चूक कोठे आहे ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

विकल्पांच्या यादीत आता पहिले नाव धुळ्याचे आहे, दुसरे शिरपूरचे. पत्रक रद्दीत गेले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आप्पांनी सोमवारी सेतू केंद्रात अर्ज दिला, तेव्हा त्यांच्यापुढे रांगेत बारावी झालेल्या मुलींचे आठ बाप उभे होते, आणि शुल्कमाफीचा हा निर्णय त्यांतल्या दोघांनाच ठाऊक होता. ज्यांच्या घरी यंदा असा अर्ज भरावयाचा आहे त्यांनी उत्पन्नाचा दाखला आणि, लागत असल्यास, नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र यांवरच्या तारखा आज रात्रीच तपासून पाहाव्यात; आणि ज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे त्यांनी शेजारच्या घरी जाऊन सांगावे.